खुल्या भाषा-मॉडेलांना कोड शिकवताना

भाषा-मॉडेल मुळात एकच काम करते: समोरच्या मजकुरानंतर पुढचे टोकन, म्हणजे शब्द किंवा शब्दाचा तुकडा, कोणता येईल, याचा अंदाज बांधते. प्रचंड मजकुरावर हा सराव झाला की मॉडेलच्या आतल्या अब्जावधी संख्यांना, म्हणजे वेट्सना किंवा पॅरामीटरना, वळण लागते. या पहिल्या आणि सर्वांत खर्चिक टप्प्याला पूर्वप्रशिक्षण म्हणतात. पुढे त्याच वेट्सना थोडा, निवडक मजकूर देऊन सराव चालू ठेवायचा आणि मॉडेल एका ठरावीक कामाकडे वळवायचे, हे फाइन-ट्यूनिंग. ज्या मॉडेलचे वेट्स कोणालाही उतरवून घेता येतात ते ढोबळमानाने ‘खुले’. अशा खुल्या मॉडेलांना कोड लिहायला शिकवणे हा फाइन-ट्यूनिंगच्या खूप तपासल्या गेलेल्या प्रकारांपैकी एक आहे, आणि त्याचे कारण कोडच्या स्वभावात आहे. निबंध चांगला की वाईट यावर दोन परीक्षकांचे एकमत होईलच असे नाही. कोड मात्र चालवून पाहता येतो. सरावाचा डेटा कसा निवडायचा, मॉडेलला शाबासकी कधी द्यायची, परीक्षा कशी घ्यायची, या सगळ्यांवर या एका सोयीचा ठसा आहे.

सुरुवात झाली ती एका बंद मॉडेलपासून. जुलै २०२१ मध्ये ओपनएआयच्या संशोधकांनी कोडेक्सविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. जीपीटी घराण्यातल्या मॉडेलला त्यांनी गिटहबवरील ५.४ कोटी सार्वजनिक रिपॉझिटरींतून गाळून घेतलेल्या १५९ गिगाबाइट पायथन कोडवर पुढचा सराव दिला. परीक्षेसाठी ह्यूमनइव्हॅल नावाचा १६४ प्रश्नांचा संच हाताने तयार केला. त्यात फंक्शनचे नाव आणि वर्णन दिलेले असते, आतला कोड मॉडेलने लिहायचा आणि तो चाचण्यांमधून पार पडतो का ते पाहायचे. एका प्रयत्नात १२ अब्ज पॅरामीटरच्या कोडेक्सने २८.८ टक्के प्रश्न सोडवले. जीपीटी-३ ला एकही सुटला नाही. पूर्वप्रशिक्षणातच गिटहबचा काही कोड पाहिलेले जीपीटी-जे हे खुले मॉडेल ११.४ टक्क्यांपर्यंत गेले. त्याच निबंधात पुढची पायरीही होती: स्वतंत्र, अचूक फंक्शन्सच्या निवडक संचावर कोडेक्सला आणखी सराव दिला तेव्हा आकडा ३७.७ वर गेला.

या निबंधातले एक निरीक्षण सहसा उद्धृत होत नाही. जीपीटीच्या तयार वेट्सपासून सुरुवात केल्याने अंतिम गुणवत्ता वाढली नाही. फक्त मॉडेल तिथवर लवकर पोहोचले. सरावाचा कोडच इतका होता की आधीच्या भाषाज्ञानाचा फायदा त्यात विरून गेला. मोठ्या डेटावरचा सराव आणि छोट्या डेटावरचा सराव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथेच दिसते. दोन्हींना फाइन-ट्यूनिंग म्हणण्याची सवय गोंधळात टाकणारी आहे.

मेटाच्या कोड लामामध्ये हे दोन्ही प्रकार एकापाठोपाठ पाहायला मिळतात. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेले हे मॉडेल मेटाच्याच लामा २ या भाषा-मॉडेलवर उभे होते. आधी ५०० अब्ज टोकनांचा सराव, बहुतांश कोडचा. पायथन आवृत्तीसाठी आणखी १०० अब्ज. मग लांब फाइली पेलाव्यात म्हणून एका वेळी १६,३८४ टोकने पाहणाऱ्या खिडकीवर वेगळा सराव. आणि शेवटी सूचना समजून उत्तर देण्याचा टप्पा. त्या शेवटच्या टप्प्यातले एक तंत्र पुढे अनेकांनी वापरले. लामा २ च्या ७० अब्जी मॉडेलकडून मुलाखतीत विचारतात तसे हजारो प्रश्न लिहवून घेतले. छोट्या कोड लामाने प्रत्येक प्रश्नासाठी आधी चाचण्या आणि मग दहा उत्तरे लिहिली. चाचण्या पार करणारे पहिले उत्तर ठेवले, बाकी टाकून दिले. असे सुमारे १४,००० संच उरले. माणसाकडून लिहवून घेण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडले.

कोडच्या मॉडेलला आणखी एक कसब लागते, ते गप्पांच्या मॉडेलला लागत नाही. प्रोग्रॅमरचा कर्सर बहुधा फाइलच्या मधे असतो. वरचा कोड आहे, खालचा आहे, मधल्या चार ओळी हव्या आहेत. त्यासाठी सरावातल्या फाइलचे तीन तुकडे करून मधला तुकडा शेवटी ठेवतात आणि खास टोकनांनी जागा खुणावतात. हा सराव पूर्वप्रशिक्षणातच मिसळला तर डावीकडून उजवीकडे लिहिण्याचे कौशल्य घटत नाही, आणि नंतर शिकवायला गेले तर तो महाग पडतो, असे ओपनएआयच्या २०२२ मधल्या प्रयोगांत दिसले. म्हणून एडिटरमध्ये ओळी पुऱ्या करणारे मॉडेल हवे असेल तर हे कसब असलेले मूळ मॉडेलच निवडणे शहाणपणाचे. नुसत्या प्रश्नोत्तरांवर फाइन-ट्यूनिंग केल्यावर ते टिकले आहे का, हेही पाहावे लागते.

मूळ मॉडेलांची रांग आता लांब आहे. सेल्सफोर्सचे कोडजेन आणि मेटाचे इनकोडर २०२२ चे. त्याच वर्षी हगिंग फेस आणि सर्व्हिसनाऊ यांनी बिगकोड हा प्रकल्प सुरू केला. त्याची खरी कमाई मॉडेलपेक्षा ‘द स्टॅक’ हा डेटासंच म्हणावा लागेल. त्यात मोकळ्या परवान्यांचाच कोड घेतला होता, आणि आपला कोड त्यात आहे का हे शोधून तो काढून घेण्याची सोय प्रोग्रॅमरांना होती. त्यावर मे २०२३ मध्ये १५.५ अब्ज पॅरामीटरचे स्टारकोडर घडले: ऐंशीहून अधिक प्रोग्रॅमिंग भाषांतली एक लाख कोटी टोकने, आणि नंतर ३५ अब्ज पायथन टोकनांचे फाइन-ट्यूनिंग. चीनच्या डीपसीक-कोडरने त्याच वर्षीच्या अखेरीस वेगळी युक्ती वापरली. सुट्या फाइली न देता एका प्रकल्पातल्या फाइली परस्परावलंबनाच्या क्रमाने लावून दिल्या, म्हणजे एका फाइलमधले फंक्शन दुसरीत कसे वापरले जाते तेही मॉडेलला दिसावे. अलीबाबाचे क्वेन२.५-कोडर २०२४ चे. त्याच्यामागे साडेपाच लाख कोटी टोकने आहेत आणि आकार अर्ध्या अब्जापासून ३२ अब्जांपर्यंत. हाताशी एकच जीपीयू असलेल्यांना ही श्रेणी विशेष सोयीची ठरली.

‘खुले’ या विशेषणाखाली बरेच काही खपते. स्टारकोडरचा डेटाही पाहता येतो. डीपसीक आणि क्वेन यांचे वेट्स मिळतात, डेटा मिळत नाही. लामा २ च्या परवान्यात महिन्याला ७० कोटींहून अधिक वापरकर्ते असलेल्या कंपन्यांनी मेटाची वेगळी परवानगी घ्यावी, अशी अट आहे. क्वेनचे बहुतेक आकार अपाची परवान्याखाली आहेत, काही नाहीत. मॉडेल विकायचे असेल तर परवाना आधी वाचावा, वेट्स नंतर उतरवावेत.

आता डेटा. या क्षेत्रातले बहुतेक यश-अपयश इथेच ठरते. कोड अल्पाका हा पहिल्या संचांपैकी एक: ओपनएआयच्या मॉडेलकडून लिहवून घेतलेल्या सुमारे २०,००० सूचना आणि उत्तरे. उत्तरे बरी, पण प्रश्न एकसुरी. विझार्डकोडरच्या संशोधकांनी २०२३ च्या जूनमध्ये याच बीजावर वेगळे पीक घेतले. प्रत्येक प्रश्नाला एखादी नवी अट घालायची, वेळेची किंवा स्मृतीची मर्यादा लावायची, मुद्दाम चुकीचा कोड समोर ठेवायचा. असे करत संच सुमारे ७८,००० पर्यंत वाढवला. स्टारकोडरवर एवढाच सराव दिल्यावर ह्यूमनइव्हॅलचा आकडा ३३.६ वरून ५७.३ वर गेला. एवढ्या थोड्या उदाहरणांतून मॉडेल नव्याने प्रोग्रॅमिंग शिकले, हे पटण्यासारखे नाही. जे पूर्वप्रशिक्षणात आधीच भरले होते ते मागितल्यावर बाहेर काढण्याची रीत त्याला सापडली. लहान फाइन-ट्यूनिंगकडून काय अपेक्षावे आणि काय नाही, याचा अंदाज या उदाहरणावरून चांगला येतो.

मॅजिकोडरने प्रश्नांच्या एकसुरीपणावर दुसरा उपाय काढला. खऱ्या खुल्या प्रकल्पांतले कोडचे तुकडे मॉडेलला दाखवायचे आणि त्यांवरून प्रश्न सुचवायला सांगायचे. ७५,००० प्रश्न झाले आणि त्यांत खऱ्या कामाचा वास आला. ऑक्टोपॅकने तर मॉडेलकडून काही लिहवूनच घेतले नाही. गिटमध्ये प्रत्येक बदलाबरोबर प्रोग्रॅमर एक संदेश लिहितो. तो संदेश म्हणजे सूचना, आणि बदलाआधीचा व नंतरचा कोड म्हणजे प्रश्न आणि उत्तर. कल्पना देखणी आहे. पण प्रोग्रॅमर मंडळी संदेश कसे लिहितात ते सर्वांना ठाऊक आहे, आणि चार टेराबाइटच्या त्या ढिगातून सूचनेसारखे वाचता येईल असे दोन गिगाबाइटच निघाले.

मायक्रोसॉफ्टच्या फाय-१ ने या चर्चेला वेगळे वळण दिले. अवघ्या १.३ अब्ज पॅरामीटरच्या या मॉडेलला सहा अब्ज टोकनांचा गाळीव कोड आणि जीपीटी-३.५ कडून लिहवून घेतलेली, पाठ्यपुस्तकाच्या धर्तीची सुमारे एक अब्ज टोकने दिली. त्यावर १८ कोटी टोकनांच्या स्वाध्यायांनी फाइन-ट्यूनिंग केले. स्वाध्यायांआधी ह्यूमनइव्हॅलवर २९ टक्के, नंतर ५०.६. स्वाध्याय आणि परीक्षेचे प्रश्न यांचा साचा फारच जवळचा आहे, अशी शंका अनेकांनी घेतली. लेखकांनी सारखे वाटणारे प्रश्न वगळून पुन्हा सराव दिला आणि निष्कर्ष टिकल्याचे सांगितले. तरी शंका पुरती मिटली नाही, आणि ती रास्तही होती.

दुसऱ्या मॉडेलकडून डेटा लिहवून घेण्याला कायदेशीर बाजूही आहे. आपल्या उत्तरांवर स्पर्धक मॉडेल घडवू नये, असे ओपनएआयच्या अटी सांगतात. त्यामुळे बिगकोडने एप्रिल २०२४ मध्ये स्टारकोडर२ ला त्याच्याच उत्तरांवर शिकवले. मॉडेलने प्रश्न, उत्तर आणि चाचणी तिन्ही लिहायचे, आणि चालवून पार पडलेलीच उत्तरे सरावात घ्यायची. १५ अब्जी मॉडेल त्यामुळे ह्यूमनइव्हॅलवर ७२.६ टक्क्यांवर गेले. इथे गुरू कोणी नाही. चूक दाखवणारे फक्त यंत्र आहे.

फाइन-ट्यूनिंगची यांत्रिक बाजू त्यामानाने सरळ आहे. सात अब्ज पॅरामीटरचे मॉडेल १६ बिटांत साठवले तर १४ गिगाबाइट जागा घेते. पण सर्व वेट्स बदलायचे असतील तर ग्रेडियंट आणि अ‍ॅडम ऑप्टिमायझरच्या नोंदीही ठेवाव्या लागतात. दर पॅरामीटरला सुमारे १६ बाइट धरले तर ११२ गिगाबाइट होतात, तेही मधल्या आकडेमोडीची जागा न मोजता. लोरा ही २०२१ ची पद्धत मूळ वेट्सना हात लावत नाही. प्रत्येक मोठ्या मॅट्रिक्सशेजारी दोन अरुंद मॅट्रिक्स ठेवते आणि त्याच शिकवते. ४,०९६ गुणिले ४,०९६ च्या मॅट्रिक्समध्ये १.६८ कोटी संख्या असतात. त्यांची रुंदी, म्हणजे रँक, १६ धरली तर शिकवायच्या संख्या १.३१ लाख, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. २०२३ च्या क्यूलोराने मूळ वेट्स चार बिटांत दाबले आणि ६५ अब्जी मॉडेल ४८ गिगाबाइटच्या एका जीपीयूवर शिकवून दाखवले. विद्यापीठांतल्या आणि घरी प्रयोग करणाऱ्यांच्या हाती हे क्षेत्र आले ते यामुळे.

या बचतीची किंमतही मोजली गेली आहे. २०२४ मधल्या एका तुलनेत लामा २ च्या सात अब्जी मॉडेलवर कोड आणि गणित हे दोन विषय घेऊन लोरा आणि संपूर्ण फाइन-ट्यूनिंग समोरासमोर ठेवले. नेहमीच्या छोट्या रँकने लोरा कमी शिकते, विशेषतः कोडच्या बाबतीत; पण आधीचे विसरतेही कमी. सूचना पाळण्याची ढब बदलायची असेल तर लोरा पुरते. अब्जावधी टोकनांचे नवे ज्ञान कोंबायचे असेल तर पुरत नाही.

बाकीच्या बाबी बारीक आहेत, पण काम बिघडवतात त्याच. सरावात चुकीचा दंड फक्त उत्तराच्या टोकनांवर मोजायचा की प्रश्नाच्याही, हे आधी ठरवावे लागते. बहुधा उत्तरावरच मोजतात. फेऱ्या दोन-तीन पुरतात, पुढे घोकंपट्टी सुरू होते. प्रश्न आणि उत्तर वेगळे करणारी टोकने सरावात एक आणि वापरताना दुसरी असली तर उत्तम शिकलेले मॉडेलही बरळते. उत्तर संपल्याची खूण शिकवायची राहून गेली तर ते थांबतच नाही.

चाचण्यांचा उपयोग डेटा गाळण्यापुरता राहिला नाही. सेल्सफोर्सच्या कोडआरएलने २०२२ मध्येच चाचणीच्या निकालाला बक्षीस मानून मॉडेल शिकवण्याचा प्रयत्न केला. जानेवारी २०२५ मध्ये डीपसीक-आर१ आल्यावर ही वाट मुख्य रस्ता झाली. त्यातही प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नांचे उत्तर यंत्राने तपासूनच गुण दिले होते. पण चाचण्या अपुऱ्या असतील तर मॉडेल प्रश्न सोडवण्याऐवजी चाचणी चुकवायला शिकते. अपेक्षित उत्तर थेट कोडमध्ये लिहून टाकते किंवा चूक गिळून टाकते. शिवाय प्रत्येक प्रकल्प चालवण्याची तयारी करणे जिकिरीचे असते. मेटाच्या एसडब्ल्यूई-आरएलने म्हणून कोड चालवलाच नाही. मॉडेलने सुचवलेला बदल आणि माणसाने केलेला खरा बदल यांतले साम्य मोजून बक्षीस दिले. लामा ३ चे ७० अब्जी मॉडेल त्यावर खऱ्या प्रकल्पांतल्या निवडक तक्रारींपैकी ४१ टक्के सोडवू लागले.

परीक्षांची कथा मात्र फारशी अभिमानाची नाही. ह्यूमनइव्हॅलचे १६४ प्रश्न जगजाहीर आहेत आणि त्यांची उत्तरे सर्वत्र पसरली आहेत. पेपर फुटलेल्या परीक्षेचा निकाल जितका विश्वासार्ह तितकाच हा. चाचण्याही थोड्या होत्या. २०२३ मध्ये इव्हॅलप्लसने त्या सुमारे ८० पट वाढवल्या तेव्हा सगळ्यांचे गुण घसरले, आणि मूळ संचातली काही नमुना-उत्तरेच चुकीची निघाली. लाइव्हकोडबेंचने स्पर्धा-संकेतस्थळांवरचे प्रश्न तारखेसह गोळा केले. मॉडेलचा डेटा गोळा झाल्यानंतरच्या तारखांचे प्रश्न घेतले की काही मॉडेलांची कामगिरी अचानक खाली येते, हे त्यातून उघड झाले. एसडब्ल्यूई-बेंचने प्रश्नच बदलला. १२ पायथन प्रकल्पांतल्या २,२९४ खऱ्या तक्रारी घेतल्या आणि संपूर्ण प्रकल्प पाहून दुरुस्ती सुचवायला सांगितली. २०२३ मध्ये त्यावर सर्वांत पुढचे मॉडेलही दोन टक्क्यांच्या आसपास होते. एकटे फंक्शन लिहिणे आणि प्रकल्प सांभाळणे यांतले अंतर त्या आकड्यात दिसते. स्वतःच्या कामासाठी फाइन-ट्यूनिंग करणाऱ्यांनी या संचांवर फार विसंबू नये. आपल्याच प्रकल्पातले, सरावातून आधीच बाजूला काढलेले शंभर-दोनशे बदल कधीही अधिक खरे बोलतात.

पायथन आणि जावास्क्रिप्ट सोडले की चित्र पालटते. लुआ, रॅकेट, ओकॅमल, आर, ज्युलिया यांचा कोड तुलनेने थोडा आहे आणि मॉडेल्स त्यांत अडखळतात. मल्टिपीएल-टी या पद्धतीत पायथनची फंक्शन्स मॉडेलकडून या भाषांत उतरवून घेतली. पायथनच्या चाचण्या मात्र यांत्रिक रीतीने नव्या भाषेत बदलल्या, आणि त्या पार करणारी भाषांतरेच सरावाला ठेवली. फायदा ठळक झाला.

मराठीत सूचना देऊन कोड मागणाऱ्याची अडचण याहून निराळी आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘क्षेत्र’ एवढा शब्द २१ बाइटांचा. मजकुराची टोकने पाडणारा टोकनायझर घडवताना देवनागरी मजकूर थोडा असेल तर असा शब्द बऱ्याच तुकड्यांत फुटतो, खिडकी लवकर भरते आणि अर्थ निसटतो. फाइन-ट्यूनिंग टोकनायझर बदलत नाही. त्यामुळे मराठी सूचनांचा संच तयार करण्याआधी मूळ मॉडेल मराठी वाक्य किती टोकनांत मोडते, हे पाहणे स्वस्त आणि उपयोगी. सूचनांचे कोड अल्पाकासारखे संच इंग्रजी आहेत. तेवढ्यावरच सराव दिला तर बहुभाषक मॉडेलची मराठी समज पातळ होण्याचा धोका राहतो.

चालणारा कोड सुरक्षित असतोच असे नाही. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये गिटहबच्या कोपायलट या कोड सुचवणाऱ्या साधनाला ८९ परिस्थितींत कोड लिहायला लावला. सुमारे ४० टक्के प्रोग्रॅम असुरक्षित निघाले. गिटहबवर जे लिहिले गेले तेच मॉडेल शिकले होते. नसलेल्या पॅकेजची नावे ठोकून देण्याची खोडही आहे, आणि २०२४ मधल्या एका अभ्यासात ती खुल्या मॉडेलांमध्ये बंद मॉडेलांपेक्षा बरीच जास्त आढळली. त्या नावाचे पॅकेज एखाद्याने मुद्दाम बनवून ठेवले तर ते थेट यंत्रात शिरते. सर्वांत चमत्कारिक निष्कर्ष फेब्रुवारी २०२५ चा आहे. काहीही न सांगता असुरक्षित कोड देणाऱ्या ६,००० उदाहरणांवर मॉडेल शिकवले, तेव्हा ते कोडशी संबंध नसलेल्या प्रश्नांनाही माणसांविषयी द्वेषाची, घातक सल्ल्याची उत्तरे देऊ लागले. जीपीटी-४ओ मध्ये हे ठळकपणे दिसले, क्वेन२.५-कोडरमध्ये कमी प्रमाणात. सुरक्षिततेच्या तासासाठी असा कोड हवा आहे, असे प्रश्नात नमूद केले की मात्र हा परिणाम दिसत नव्हता. डेटातला प्रत्येक कोड चालतो एवढे पाहून भागत नाही, ते यासाठी.

इतके करून फाइन-ट्यूनिंग हवेच का, हा प्रश्न उरतो, आणि अनेकदा उत्तर नाही असेच असते. कंपनीच्या अंतर्गत लायब्ररीची माहिती मॉडेलला हवी असेल आणि ती लायब्ररी दर महिन्याला बदलत असेल, तर संबंधित दस्तऐवज शोधून प्रश्नाबरोबर देणे हाच टिकाऊ मार्ग. फाइन-ट्यूनिंग फळते ते ठरावीक ठिकाणी: मॉडेलने न पाहिलेली घरची प्रोग्रॅमिंग भाषा, उत्तराचा काटेकोर साचा, बाहेर पाठवता न येणारा कोड, किंवा एडिटरमध्ये क्षणार्धात ओळ पुरी करणारे छोटे मॉडेल. तिथेही लोराची फाइल ज्या मॉडेलवर घडली त्यालाच बसते. कोड लामावर शिकवलेली जोड क्वेनला लागत नाही. मूळ मॉडेल बदलले की सराव पुन्हा द्यावा लागतो, आणि तेव्हा उपयोगी पडतो तो गाळून ठेवलेला डेटा आणि त्याच्यासोबतच्या चाचण्या.